आंतरवासितेसाठी शहापूर की मुरबाड?

ठाण्यात राहून बी.एड. करणारे बहुतेक जण आंतरवासितेसाठी, म्हणजे प्रत्यक्ष शाळेत जाऊन करायच्या शिकवण्याच्या सरावासाठी, घराजवळची शाळा मागतात, आणि त्यात वावगं काही नाही. पण जिल्ह्याच्या आतल्या भागात जायची ज्यांची तयारी आहे, त्यांचा प्रश्न बहुधा ठरलेला असतो: शहापूर की मुरबाड? मी पहिल्या वर्षाचा छोटा टप्पा शहापूरच्या बाजूला केला आणि दुसऱ्या वर्षाचा मोठा मुरबाड तालुक्यात. त्यामुळे दोन्हीकडचं थोडंफार सांगू शकतो. पाठ टाचण, निरीक्षण वही, शेरे हे सगळीकडे सारखंच. त्यावर वेळ घालवत नाही. फरक पडतो तो समाजाशी संबंधित कामात: गृहभेटी, वस्तीची पाहणी, पालकसभा.

आधी प्रवास. शहापूरसाठी आसनगावपर्यंत लोकल, पुढे शेअर रिक्षा. कसारा मार्गावर गाड्या कमी आहेत, एक चुकली की बराच वेळ फलाटावर जातो, पण एकूण प्रवास सुसह्य आहे. मुरबाडला रेल्वे नाही. कल्याणला उतरून एसटी धरायची, शहाडच्या पुलावरची कोंडी सहन करायची, आणि पावसाळ्यात उल्हास नदीला पूर आला की रायत्याच्या पुलावरची वाहतूक बंद होते ते वेगळंच. केवळ येण्याजाण्याचा विचार केला तर शहापूर सरळ पुढे आहे. मलाही सुरुवातीला तसंच वाटायचं.

माझं मत फिरलं ते संध्याकाळच्या पाच वाजता. शहापूरच्या बाजूच्या ज्या शाळेत मी होतो, तिथे चार वाजल्यापासून सगळ्यांचं लक्ष गाडीकडे असायचं. शिक्षक कल्याण-बदलापूरकडचे, आम्ही छात्राध्यापक ठाण्याचे. शेवटचा तास संपायच्या आत दप्तर आवरलेलं, कुणाची रिक्षा सांगून ठेवलेली. अमुक गाडी गेली तर पुढची केव्हा, हा रोजचा विषय. शिक्षकांना दोष देत नाही; घरी लहान मुलं, म्हातारे आईवडील, आणि रोजचा तो प्रवास वर्षानुवर्षं करायचा. पण याचा परिणाम आमच्या कामावर थेट होत होता. शेतावर, कंपनीत, बांधकामावर जाणारे आईबाप घरी येतात दिवेलागणीला. आम्ही पाचला निघणार. मग गृहभेट व्हायची ती दुपारच्या सुट्टीत, बंद दारासमोर, नाहीतर घरी असलेल्या आजीशी दोन वाक्यं बोलून. उरलेले रकाने मुलांनाच व्हरांड्यात बसवून भरायचे: बाबा काय करतात, घरात किती माणसं, शौचालय आहे का. अहवाल पूर्ण होतो, सहीही मिळते. पण ज्या घरातून ते मूल येतं त्या घराशी आपली ओळख होत नाही, आणि ही गोष्ट मला फार टोचत राहिली.

मुरबाडला हा प्रश्न सुटला तो गाडी नसल्यामुळेच. रोज जाऊन-येऊन जमणार नाही हे घरच्यांनाही पटलं, म्हणून खोली घेतली. शहापुरात खोली मिळत नाही असं नाही, पण तिथे राहतो म्हटलं की घरून पहिला प्रश्न येतो, ‘लोकल आहे ना, मग खोलीचं भाडं कशाला?’ त्याला उत्तर देणं कठीण असतं.

राहायला लागल्यावर संध्याकाळ हाताशी आली. जेवणाआधी पाड्यावर चक्कर मारायची, कुणी ओट्यावर बसलेलं दिसलं की बसायचं. पहिले काही दिवस नुसती विचारपूस झाली. हळूहळू लोक स्वतःहून बोलायला लागले. सातवीतल्या एका मुलाच्या वडिलांनी एकदा हळू आवाजात विचारलं, ‘गुरुजी, दिवाळीनंतर भट्टीवर गेलो तर पोराचं नाव काढतील का?’ कुटुंब कातकरी. महाराष्ट्रातल्या तीन विशेष दुर्बल आदिवासी गटांपैकी हा एक. भातकापणी झाली की यातली अनेक घरं भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. तो मुलगा वर्गात मला आळशी वाटला नव्हता, पण लक्ष उडालेलं दिसायचं. कारण त्या ओट्यावर कळलं. मी दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांना विचारलं. स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड असतं आणि ते दाखवून भट्टीजवळच्या शाळेत बसता येतं, हे त्यांनी मला आणि मग त्या वडिलांना नीट समजावून सांगितलं. सहा ते चौदा वयाच्या मुलाला वयानुसार वर्गात घेणं 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेवर बंधनकारक आहे, हे मी परीक्षेसाठी पाठ केलं होतं. त्याचा उपयोग कुणाला आणि कधी होतो, ते मात्र तिथे समजलं. पाचच्या गाडीला निघणाऱ्याला तो प्रश्न कानावर पडलाच नसता, असं मला मनापासून वाटतं.

पालकसभेचंही तसंच. कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश पालक हवेत आणि निम्म्या महिला हव्यात. कागदावर त्या असतातच. ओळख झालेल्या घरातली बाई सभेत तोंड उघडते, अनोळखी असली तर मागे बसून राहते. हा फरक मी दोन्हीकडे पाहिला.

आता शहापूरच्या बाजूने, कारण ती बाजू हलकी नाही. प्रकल्पासाठी विषय शोधत असाल तर पाण्यासारखा विषय दुसरा नाही. भातसा आणि तानसा दोन्ही याच तालुक्यात; तानसाचं धरण 1892 पासून मुंबईला पाणी देतंय. आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट बघतात. मुलांना वहीत पाण्याची नोंद ठेवायला सांगा, भूगोल, गणित आणि नागरिकशास्त्र एकाच वेळी शिकवून होतं. इतिहास घेतलेल्यांना माहुली आहेच. 1636 मध्ये शहाजीराजांनी निजामशाहीची शेवटची झुंज दिली ती याच गडावरून. शिवाय शहापूरला आदिवासी विकास विभागाचं प्रकल्प कार्यालय आहे, त्यामुळे आश्रमशाळेचं काम बघायचं असेल तर तीच जागा योग्य.

मुरबाडकडे इतिहासासाठी सिद्धगड आहे. स्वातंत्र्यसैनिक भाई कोतवाल आणि हिराजी पाटील 2 जानेवारी 1943 ला तिथे हुतात्मा झाले. धसईकडच्या मुलांच्या घरात आजोबांकडून ऐकलेल्या गोष्टी निघतात, आणि मौखिक इतिहासाचा उपक्रम पुस्तकाबाहेर कसा न्यायचा हे आपोआप कळतं. आंतरवासिता जानेवारीपर्यंत लांबली तर पौष पौर्णिमेच्या म्हसा यात्रेच्या दिवसांत वर्ग रिकामे दिसतील. तेव्हा पाठ लावायचा हट्ट न धरता यात्रेतच मुलांबरोबर फिरावं.

राहण्याचा खर्च, खानावळीचं तेच तेच जेवण, रात्री वीज गेली की होणारी पंचाईत, हे सगळं मुरबाडच्या खात्यात जमा आहे. महाविद्यालयातून निरीक्षणाला येणाऱ्या सर-मॅडमनाही तिथे पोचणं जिकिरीचं होतं, तेव्हा मार्गदर्शनासाठी फोनवर अवलंबून राहावं लागतं. ज्यांच्या घरी लहान मूल आहे, कुणाची शुश्रूषा आहे, किंवा संध्याकाळच्या शिकवण्यांवर फी भरली जाते, त्यांनी निःशंकपणे शहापूर घ्यावं. शक्य झालं तर आठवड्यातून एक मुक्काम तिथे करावा. बाकीच्यांना मी मुरबाडच सुचवेन. हा माझ्यापुरता अनुभव आहे, शाळा आणि मुख्याध्यापक बदलले की चित्र वेगळं असू शकतं, हे धरूनच.

नियमाप्रमाणे दोन वर्षांत मिळून वीस आठवडे शाळेत काढायचे असतात, त्यातले सोळा दुसऱ्या वर्षी. या सोळांतले शक्य तितके दिवाळीआधी येतील असं बघा, कारण नंतर पाड्यावरची घरं बंद होतात. खोलीसाठी शाळेतल्या शिपाईमामांना विचारा. कुठे खोली रिकामी आहे आणि कुठल्या घरमालकाला शिकणारी मुलं चालतात, हे त्यांना सगळ्यांच्या आधी माहीत असतं.