फॅटी लिव्हरच्या अभ्यासाला शेळी घ्यावी की डुक्कर?

मोर्शीकडच्या एका गावात, पोटात तीन करडं असलेली बेरारी शेळी व्यायच्या आधीच गेली. बाभळीखाली पोतं अंथरून तिचं पोट उघडलं. यकृत पिवळं, सुरीला तेलकट लागणारं. तुकडा फॉर्मॅलिनच्या बाटलीत टाकला तर बुडेना, वरच तरंगला. मालकानं विचारलं, "साहेब, ढेप जास्त झाली काय?" झालं होतं उलटंच. दिवस भरत आले तसा पोटात चाऱ्याला जागा उरली नाही. मग तिनं अंगावरची चरबी मोडली आणि तीच यकृतात साठली.

'आहारामुळे होणारं फॅटी लिव्हर' हा विषय प्रबंधाला घेणारी पोरं इथेच फसतात. शेळी दारात बांधलेली, स्वस्त, हाताळायला सोपी, तिला फॅटी लिव्हर होतं हेही खरं. पण ते उपासमारीचं. माणसाचं, गोड-तेलकट खाऊन झालेलं, निराळं.

शेळीला ते खाऊ घालून आणू म्हटलं तर कोटीपोट, म्हणजे चारा आंबवणारं तिचं पहिलं मोठं पोट, आडवं येतं. साखर दिली की तिथले जंतू ती आंबवून टाकतात, साखरेतलं फ्रुक्टोज यकृतापर्यंत जवळपास पोचतच नाही. एकदम जास्त दिली तर आम्लता होऊन शेळीच लोळते. तेल खुराकाच्या सहा-सात टक्क्यांवर गेलं की कुटार पचेनासं होतं. आहारातलं कोलीन, म्हणजे यकृतातली चरबी बाहेर काढायला लागणारं पोषकद्रव्य, तेही बरंचसं तिथेच मोडतं. थोडक्यात, तुम्ही शेळीला नाही, तिच्या पोटातल्या जंतूंना जेवायला घालता.

डुकराला एकच पोट, आणि आपल्यासारखंच तेही सगळं खातं. उंदराच्या मानाने मोठा फायदा म्हणजे त्याच जनावराची पुन्हा पुन्हा बायोप्सी आणि सोनोग्राफी करता येते, रक्तही हवं तेवढं मिळतं. पण डुक्कर नुसत्या तुपा-तेलानं फसत नाही. माणसात साखरेपासून चरबी बनवण्याचं काम मुख्यतः यकृत करतं, डुकरात ते चरबीच्या ऊतींमध्येच होतं. म्हणून डुक्कर गरगरीत होतं आणि यकृत मात्र बरंचसं साफ निघतं. अमेरिकेतल्या ओसाबॉ बेटावरच्या डुकरांना चरबी, फ्रुक्टोज, कोलेस्टेरॉल वाढवून आणि कोलीन कमी करून 24 आठवडे खाऊ घातलं, तेव्हा कुठे माणसासारखी सूज दिसली. जर्मनीत तयार झालेल्या ग्योटिंगेन मिनिपिग या बुटक्या डुकरात तर यकृताला सूज आणि व्रणासारखे तंतू येतात, चरबी मात्र बेताचीच साठते. ती हवी तर कोलीन काढावंच लागतं. गावठी किंवा यॉर्कशायर डुकरावर हेच जसंच्या तसं उतरेल असं गृहीत धरू नका.

पॅथॉलॉजीवाल्यांसाठी एक इशारा. डुकराच्या निरोगी यकृतातही प्रत्येक खंडिकेभोवती, म्हणजे यकृताच्या बारीक कप्प्याभोवती, तंतूंची कुंपणं असतात. तुलनेला साध्या आहारावरचा गट नसेल, तर पहिल्याच स्लाइडवर तुम्ही फायब्रोसिस, म्हणजे आजारानं वाढलेले तंतू, असं लिहून मोकळे व्हाल.

आपल्याकडचा खरा धोका खुराकात आहे. विदर्भात सरकी ढेप सहज मिळते म्हणून ती डुकराच्या आहारात घालाल तर त्यातलं गॉसिपॉल हे विषारी द्रव्य स्वतःच यकृत बिघडवतं. मोठ्या शेळीच्या कोटीपोटात त्याचा बराच बंदोबस्त होतो, डुकरात नाही. पावसात भिजलेल्या मक्याचंही तसंच: बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन हे विष एकट्यानंच यकृतात चरबी आणू शकतं, आणि तुम्ही श्रेय द्याल फ्रुक्टोजला. पोत्यापोत्याची तपासणी करा, पैसे तिथे घाला.

माकड आणि कुत्रा मी धरलेच नाहीत. परवानगी, खर्च आणि माझं मन, तिन्ही आडवे येतात. शेळी-डुकरालाही संस्थेच्या समितीनंतर सीसीएसईएकडे, म्हणजे प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख करणाऱ्या केंद्राच्या समितीकडे, जावंच लागतं, ते महिने आधीच धरा.

माझं मत विचाराल तर माणसाच्या आजाराचा प्रश्न असेल तर डुक्कर, तेही पक्का गोठा आणि भूल देणारा सवयीचा माणूस असेल तरच. नसेल तर विषय बदला, आणि गाभण शेळीच्या त्याच पिवळ्या यकृतावर काम करा. आमच्या गावांना त्याची गरज जास्त आहे, आणि ते कोणी फारसं करत नाही.

डुक्करच ठरलं तर दसऱ्याला सुरुवात करा. 24 आठवडे होळी-पाडव्याच्या आसपास भरतात. त्याला घाम जवळपास येत नाही, आणि आपल्याकडचं ऊन वाढलं की ते खाणंच सोडतं.