अर्थ शोधायचा कुठे: मजकुरात की माणसांत?
डेक्कन कॉलेजात भाषाविज्ञान शिकणारी भाची अडली होती: ‘पैसे देऊन टाकले’ आणि ‘देऊन बसलो’ यांतला अर्थभेद छापील मजकुरातून शोधावा की बोलणाऱ्यांना विचारून?

खर्च मजकुराचा कमी. मुलाखतींसाठी पेठांपासून मुळशीपर्यंत फिरणं आलं.

खरा फरक पुराव्याचा. मजकुरात प्रत्यक्ष वापर दिसतो, मोजताही येतो. पण एखादी रचना तिथे सापडली नाही, म्हणून ती मराठीत चालत नाही असं ठरत नाही. माणूस चटकन सांगतो: ‘टाकले’मध्ये सुटका, ‘बसलो’मध्ये पश्चात्ताप. मात्र थेट विचारलं की लोक ‘शुद्ध’ उत्तर देतात. त्यापेक्षा प्रसंग सांगून वाक्य निवडायला लावावं.

काळानुसार बदललेला वापर पाहायचा तर मजकूर. अशा छटांसाठी माणसंच. भाचीला मी तेच सुचवलं.