बीपीसाठी पोटॅशियम: ताटातून, लो-सोडियम मिठातून, सैंधवातून की सिरपमधून?

बीपीची गोळी सुरू झाली की घरात मीठ बदलायची चर्चा सुरू होते. चारही पर्यायांचा निकाल लागतो तो क्रिएटिनिनच्या, म्हणजे मूत्रपिंडं कशी चालतात ते सांगणाऱ्या रक्ततपासणीच्या रिपोर्टवर, म्हणून तो आधी हाताशी ठेवा.

आहारात पोटॅशियम कमी पडलं की मूत्रपिंडाच्या नलिका सोडियम धरून ठेवतात. ते पुरेसं मिळालं की तेच सोडियम लघवीवाटे सोडतात. रक्तवाहिन्याही थोड्या सैलावतात. त्यामुळे खारट खाणाऱ्याला याचा फायदा जास्त. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी रोज किमान 3,510 मिलिग्रॅम पोटॅशियम आणि 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवते. या हिशेबाने चौघांच्या घरात किलोचा पुडा किमान 50 दिवस पुरायला हवा, तोही लोणचं, पापड, फरसाण न धरता.

सैंधव आधीच बाद करू. ते जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइडच. पोटॅशियम नावापुरतं आणि आयोडीनही बहुधा नाही.

लो-सोडियम मिठाचा पुरावा भक्कम आहे. चीनमधल्या 600 गावांत सुमारे 21 हजार लोकांवर जवळपास पाच वर्षं चाचणी झाली, निष्कर्ष 2021 मध्ये आले. 75 टक्के सोडियम क्लोराइड आणि 25 टक्के पोटॅशियम क्लोराइड असं मीठ वापरणाऱ्यांत पक्षाघात 14 टक्क्यांनी कमी झाले. वरचं बीपी सरासरी 3 अंकांच्या आसपासच उतरलं होतं. अशा 5 ग्रॅम मिठातून साधारण 650 मिलिग्रॅम पोटॅशियम मिळतं. आपल्याकडच्या पुड्यांत प्रमाण वेगवेगळं असतं, तेव्हा पुड्याची मागची बाजू वाचा आणि ‘आयोडीनयुक्त’ लिहिलंय ना तेही बघा. फसगत होते ती चवीत. हे मीठ किंचित कडवट आणि कमी खारट लागतं, मग हात सैल सुटतो आणि वाचवलेलं सोडियम परत पोटात जातं. चिंच, आमसूल किंवा लिंबू घातलेल्या पदार्थांत हा कडवटपणा लपतो. साध्या वरणात जाणवतो.

ताटातला मार्ग सावकाश, पण मूत्रपिंडं ठणठणीत असतील तर पहिली पसंती त्यालाच. 50 ग्रॅम कोरड्या मटकीच्या उसळीतून 500 ते 600 मिलिग्रॅम, मध्यम केळ्यातून 350 ते 400. केळ्याचं नाव मोठं झालंय, काम कडधान्यं जास्त करतात. पोटॅशियम पाण्यात उतरतं, त्यामुळे पालक उकडून पाणी ओतून दिलं की बराच वाटा मोरीत जातो. पुरणाच्या डाळीचा कट आमटीत वापरायची आपली पद्धत इथे कामाची, फक्त त्या आमटीत मीठ बेताने. बीपी उतरवण्यासाठी आखलेल्या डॅश आहाराच्या अमेरिकेतल्या 1997 च्या चाचणीत मीठ तेवढंच ठेवूनही बीपीच्या रुग्णांचं वरचं बीपी सरासरी 11 अंकांनी उतरलं. श्रेय एकट्या पोटॅशियमचं नव्हे. त्या आहारात फळं, भाज्या, कमी स्निग्धांशाचं दूध असं सगळंच बदललं होतं.

पोटॅशियमचं सिरप हे रक्तातलं पोटॅशियम घसरल्यावर द्यायचं औषध आहे. बीपीसाठी दुकानातून स्वतःहून आणू नये.

आता उलटी बाजू. क्रिएटिनिन वाढलेलं असेल किंवा स्पायरोनोलॅक्टोन ही पोटॅशियम धरून ठेवणारी गोळी चालू असेल, तर जादा पोटॅशियम रक्तात साचतं, म्हणून लो-सोडियम मीठ नको. नेहमीचंच मीठ कमी करा. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल या बीपीच्या गोळ्याही पोटॅशियम धरून ठेवतात. मूत्रपिंड ठीक असताना सहसा अडत नाही, पण मीठ बदलण्याआधी डॉक्टरांना विचारा. जुना मधुमेह किंवा रोजची वेदनाशामक गोळी असेल तर जास्तच जपा. मूत्रपिंडाच्या रुग्णाला उपवासाचं ताटही जड जातं: बटाटा, रताळं, दाण्याची आमटी, वर शहाळं. अशांनी बटाटा चिरून भरपूर पाण्यात उकडावा आणि पाणी टाकून द्यावं.

मीठ बदलल्यावर दोन-चार आठवड्यांनी रक्तातलं पोटॅशियम तपासून घ्या, साधारण 3.5 ते 5.0 (मिलिमोल प्रति लिटर) ठीक. रक्त घेताना मूठ वारंवार आवळली किंवा नमुन्यातल्या पेशी फुटल्या तर आकडा खोटाच वाढलेला येतो. 5.8 सारखा आकडा दिसला तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा आणि नमुना पुन्हा द्या. खरोखर वाढलेलं पोटॅशियमही अनेकदा काहीच लक्षण न देता थेट हृदयाचे ठोके बिघडवतं.