चाळिशीत कराटे: शोतोकान की क्योकुशिन?

पोट सुटलंय, दोन जिने चढले की धाप लागते, तरी कराटे शिकायचंय? जरूर शिका. फक्त शैली विचार करून निवडा.

शोतोकान ही गिचिन फुनाकोशींची परंपरा. १९२२ साली त्यांनी ओकिनावाचं कराटे टोकियोत आणून दाखवलं. भर मूलभूत हालचालींवर आणि कातांवर, म्हणजे ठरलेल्या क्रमाने एकट्याने करायच्या हालचालींच्या मालिकांवर. पहिला काता, हेइआन शोदान, २१ हालचालींचा. दमलेला माणूसही तो हळूहळू, श्वास सांभाळत करू शकतो. जोडीदाराला मारलेला ठोसा अंगाजवळ आवरायचा असतो, त्यामुळे मार कमी बसतो. सांभाळायचे ते गुडघे. झेनकुत्सु-दाचीत, म्हणजे एक पाय पुढे वाकवून आणि दुसरा मागे ताणून उभं राहायच्या पवित्र्यात, पुढचा गुडघा चांगलाच वाकतो. तो पायाच्या बोटांच्या रेषेतच हवा. आत कलला की दुखणं मागे लागलंच म्हणून समजा. वजन जास्त असेल तर सरांना सांगून सुरुवातीला पवित्रा उंच ठेवा, त्यात कमीपणा काही नाही.

क्योकुशिन काढलं मासुतात्सु ओयामांनी. तेही आधी फुनाकोशींकडे शिकलेले. इथे छाती-पोटावर खरे ठोसे, मांडीवर खऱ्या लाथा. डोक्यावर हाताने मारायचं नाही, लाथ मात्र चालते. जोर-बैठका भरपूर. दम झपाट्याने वाढतो, पण तयारी नसलेलं शरीर तितक्याच झपाट्याने दुखावतं.

माझं मत शोतोकानच्या बाजूने. रक्तदाब किंवा गुडघ्याची तक्रार असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. क्योकुशिनचीच ओढ असेल, तर नवशिक्यांना लगेच लढायला उभं न करणारे सर शोधा.