वॅगनआर १.२ : इंजिन मोकळे करण्याचे पहिले हजार किलोमीटर
मारुती सुझुकीची वॅगनआर, १.२ लिटर पेट्रोल इंजिन आणि मॅन्युअल गिअरची, आमच्या घरी येऊन चार महिने झाले. तिच्यातील ऐसपैस जागा आणि चढ-उतार करायला सोपी पडणारी उंच आसने यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे आणि ते खरेही आहे. मी येथे केवळ तिच्या इंजिनाविषयी आणि ते मोकळे होण्याच्या काळाविषयी लिहीत आहे.

गाडी ताब्यात देताना विक्रेत्याने सांगितले, "आजकालच्या इंजिनांना रनिंग-इन लागत नाही, हवी तशी पळवा." रनिंग-इन म्हणजे नव्या इंजिनाचे भाग एकमेकांशी नीट जुळेपर्यंत ते जपून चालवणे, म्हणजेच इंजिन मोकळे करणे. हा सल्ला चुकीचा आहे आणि गाडीसोबतची पुस्तिकाच तो खोडून काढते. थंड इंजिन रेस करू नये, फार वेळ एकाच वेगाने चालवू नये, वरच्या गिअरमध्ये गाडी रेटत नेऊ नये आणि सुरुवातीला करकचून ब्रेक लावू नयेत, असे तिच्यात स्पष्ट म्हटले आहे. यंत्रकाम पूर्वीपेक्षा पुष्कळ अचूक झाले असले, तरी सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर होनिंगच्या (भिंत बारीक घासण्याच्या कामाच्या) एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा आजही मुद्दाम ठेवलेल्या असतात. पिस्टनच्या रिंगा त्या भिंतीवर नीट बसायच्या, तर ज्वलनातून निर्माण होणाऱ्या वायूच्या दाबाने त्या भिंतीशी घट्ट टेकाव्या लागतात. म्हणूनच नव्या गाडीला फुलासारखे जपत सतत चाळीसच्या वेगाने चालवणेही हिताचे नाही, कारण रिंगा बसण्याआधीच भिंत गुळगुळीत झाली, तर इंजिन पुढे ऑइल खाऊ लागते.

आम्ही हडपसरहून दिवे घाटमार्गे सासवड आणि जेजुरी हा रस्ता निवडला आणि चार रविवार त्यासाठी राखून ठेवले. घाटात तिसऱ्या गिअरमध्ये अडीच ते तीन हजार आरपीएमच्या (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांच्या) दरम्यान पेडल निम्मे दाबून चढायचे आणि उतरताना पाय काढून गाडी इंजिनाच्याच ब्रेकवर सोडायची, असा क्रम ठेवला. या कामासाठी हे ११९७ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन मला फार योग्य वाटले. ते कमी आरपीएमलाही न थरथरता ओढते, त्यामुळे पूर्ण पेडल दाबण्याची वेळच येत नाही. वरचा गिअर टाकण्याची खूण करणारा मीटरमधील बाण इंधनबचतीसाठी असतो. चढावर आणि गाडी भरलेली असताना त्याचे ऐकण्याऐवजी मी खालच्याच गिअरमध्ये राहिलो.

पहिल्या सर्व्हिसिंगच्या आदल्या दिवशी, सकाळी इंजिन थंड असताना आणि गाडी सपाट जागी उभी असताना, डिपस्टिक पुसून पुन्हा बुडवली. ऑइलची पातळी वरच्या खुणेच्या किंचितच खाली होती आणि रंग फिकट तपकिरी झाला होता. दुसऱ्यातून तिसऱ्या गिअरमध्ये जाताना सुरुवातीला जाणवणारा अडखळा सातशे किलोमीटरच्या सुमारास नाहीसा झाला. जेजुरीच्या त्याच रस्त्यावर सुरुवातीला लिटरला पंधरा किलोमीटर मिळत होते, आता अठरा मिळतात.

ही गाडी घेणाऱ्यांनी पहिल्याच आठवड्यात द्रुतगती मार्गाने मुंबई गाठण्याचा बेत शक्यतो करू नये. जाणे भागच असेल, तर खोपोलीवरून जाणारा जुना महामार्ग घ्यावा; तेथे वेग आपोआप कमी-जास्त होत राहतो.