ब्रेकची डिस्क लेथवर घासायची की नवी टाकायची?

ब्रेक दाबला की पेडल पायाखाली थरथरतं, स्टिअरिंग हलतं. गॅरेजवाला दोन पर्याय देतो: डिस्क (चाकासोबत फिरणारी, ब्रेकचे पॅड जिच्यावर दाबले जातात ती तबकडी) लेथवर, म्हणजे कातकामाच्या यंत्रावर, घासून घ्या, नाहीतर नवी जोडी टाका.

घासणं स्वस्त, आणि डिस्क पुरेशी जाड असेल तर चुकीचंही नाही. चरे जातात, पृष्ठभाग सपाट होतो. पण प्रत्येक कटात धातू कमी होतो आणि पातळ डिस्क घाट उतरताना लवकर तापते. किमान जाडी बहुतेक डिस्कवरच कोरलेली असते; मायक्रोमीटर (जाडी मोजायचं उपकरण) लावून दाखवायला सांगा. नुसतं बोट फिरवून 'अजून चालेल साहेब' म्हणणाऱ्याचं ऐकू नका. कडेचा गंजका काठ सोडून, पॅड जिथे घासतो तिथेच मोजायचं.

तड्यांचं गणित वेगळं. उष्णतेने पडलेल्या केसाएवढ्या रेषा वरवरच्या असू शकतात. मात्र नख अडकलं, किंवा तडा बाहेरच्या कडेपर्यंत पोचला, की लेथचा विषयच संपला. नवी डिस्क, तीही त्या अॅक्सलच्या (पुढच्या किंवा मागच्या जोडीच्या) दोन्ही चाकांना, सोबत नवे पॅड. खर्च बोचतो खरा, पण छोट्या गाड्यांच्या साध्या ओतीव लोखंडी डिस्क तशा परवडतात. माझा कल नव्याकडेच.