कोपनहेगनहून मागवलेला तंबाखू ओढायचा पाइप: पैसे वसूल, पण घाई असेल तर नको

कोळसा खाणीत भूगर्भतज्ज्ञ म्हणून आयुष्य गेलं, त्यामुळे पाइप हाती आल्याबरोबर आधी भिंग काढलं. पाइप ब्रायरच्या लाकडाचा. ब्रायर म्हणजे भूमध्य सागराकाठच्या एरिका आर्बोरिया झुडपाच्या मुळाशी येणारी गाठ. ती तासन्‌तास उकळतात, मग महिनोन्‌महिने वाळवतात. माझ्या पाइपला पुढून-मागून उभ्या रेषा, दोन्ही कडांना बारीक गोल ठिपके. पुट्टीने बुजवलेला खड्डा एकही नाही. कारखान्याच्या स्वस्त मालात तो हमखास सापडतो.

खरी पारख मात्र भोकाची. धुराचं भोक बाऊलच्या, म्हणजे तंबाखू भरायच्या वाटीच्या, अगदी तळाशी, मधोमध उघडायला हवं. इथे साफ करायची तार न अडखळता आरपार गेली, पाइप न खोलता! ओढताना गुडगुड नाही, तळाला ओली तंबाखूही उरत नाही.

तोंडाचा भाग मी एबोनाइटचा सांगितला. ॲक्रिलिक टिकाऊ खरं, पण दाताला कडक लागतं. एबोनाइट म्हणजे गंधक घातलेलं कडक रबर, उन्हात ते हिरवट-तपकिरी पडतं. आणि आमच्या नागपूरचा मे महिना तर बाप्पा, पंचेचाळीस अंश! म्हणून पाइप कपाटात, कापडी पिशवीत असतो.

तक्रार तीन गोष्टींची. कारागीर ईमेलला सवडीने उत्तर देतो, आणि कस्टम ड्युटीचा आकडा बायकोला अजून सांगितलेला नाही. रंगही सांगितल्यापेक्षा जरा गडद आला. पुढचा घेईन तो सँडब्लास्ट केलेला, म्हणजे वाळूचा मारा करून खरखरीत केलेला. गुळगुळीतपेक्षा बहुधा स्वस्त पडतो.